मुळशी धरणाच्या काठी एखाद्या छोट्या गावात पावसाळाभर राहायचंय, जमेल का?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. मी आणि बायको दोघंही आयटीत, दोघांचं काम बहुतेक घरूनच, फक्त मला आठवड्यातून एकदा हिंजवडीला हजेरी लावावी लागते. मुलगी साडेतीन वर्षांची, म्हणजे शाळेचं अजून ओझं नाही, आणि पुढच्या वर्षी ते मागे लागलं की हे होणार नाही म्हणून ठरवतोय की या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर मुळशी धरणाच्या काठावर एखाद्या गावात भाड्याने घर घेऊन राहायचं. रिसॉर्ट, व्हिला वगैरे नको, त्यात दोन दिवसांत कंटाळा येतो आणि खिसाही रिकामा होतो. साधं गावातलं घर पाहिजे.

तर असं एक घर बघून आलोय. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. ताम्हिणीच्या अलीकडे मेन रोड सोडून आत जायचं, शेवटचा टप्पा कच्चा, साधारण चाळीस उंबरे, त्यातली बरीच घरं कुलूपबंद, माणसं मुंबईला नाहीतर पिरंगुटला कंपनीत. घर मातीच्या भिंतीचं, वर अर्धी कौलं अर्धा पत्रा, पुढे पडवी, मागे मोरी, संडास बाहेर पण पक्का. पडवीत बसलं की समोर धरण. आम्ही गेलो मे महिन्यात, पाणी पार आत गेलेलं, मधे सगळा भेगाळलेला गाळ, पण पलीकडचे डोंगर बघून बायको म्हणाली की आपण फ्लॅटचा हप्ता नक्की कशाचा भरतोय. मालक मुंबईला असतात, त्यांचे चुलतभाऊ गावात. महिना ४,००० म्हणाले.

आता शंका. नेट चालेल का, लाईट किती जाते, लहान मूल घेऊन राहणं शहाणपणाचं आहे का, आणि गावातल्या लोकांना आपण असं येऊन राहिलेलं आवडतं का. आणि आवडलंच तर तिथे चार-पाच गुंठे घ्यायचा विचार करावा का. ज्यांना त्या भागाची खरी माहिती आहे त्यांनी लिहा प्लीज, यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून झालेत.

डोंगरभटक्या

विचारतोस काय, करून टाक! अंधारबन, प्लस व्हॅली, कुंडलिका व्हॅली सगळं हाकेच्या अंतरावर, घनगड आणि तैलबैला दुसऱ्या बाजूला. ताम्हिणी अभयारण्यात सकाळी शेकरू दिसतं, जूनमध्ये सगळ्या डोंगराला पांढऱ्या रेघा सुटतात धबधब्यांच्या. आम्ही शनिवारी पहाटे निघून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड करत जातो आणि रविवारी रात्री भूगावच्या ट्रॅफिकमध्ये सडतो, तू तर तिथेच राहणार. नशीबवान आहेस लेका. आम्हाला एक खोली ठेव.

वारजेची_सून

डोंगरभटक्या दादा, तुम्ही शनिवारी येऊन रविवारी परत जाणारे, तुमचा सल्ला त्या मापाचा आहे, राग मानू नका.

मी त्याच पट्ट्यातली. माहेर तिथलं, सासर वारजे. तुम्ही खरी माहिती मागितलीत म्हणून सविस्तर लिहितेय, घाबरवायला नाही.

पाऊस आधी. पुण्यात अख्ख्या वर्षात सरासरी सव्वासातशे मिलिमीटर पडतो. २०२४ च्या २५ जुलैला सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर मोजला. म्हणजे तुमच्या वर्षातला पाऊण हिस्सा एका दिवस-रात्रीत. त्याच दिवशी सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं होतं आणि सगळ्या पुण्याने टीव्ही लावला होता. आमच्याकडे टीव्ही लावायला लाईटच नव्हती. असा पाऊस रोज पडत नाही, पण जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही हे नेहमीचं आहे. तुमच्या घराचा जो अर्धा भाग पत्र्याचा आहे तिथे बसून मीटिंग विसरा, पत्र्यावर पाऊस लागला की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. कौलांच्या खोलीत कामाचं टेबल मांडा, आणि मालकांना आत्ताच विचारा की यंदा कौलं शाकारलीत का, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कुणी वर चढत नाही. भिंत मातीची म्हणताय तर ज्या बाजूने पाऊस झोडपतो त्या बाजूला प्लॅस्टिक नाहीतर कारवीचा कूड बांधलेला असला पाहिजे. नसेल तर ऑगस्टपर्यंत भिंतीला पोपडे येतात आणि आतला लिंपलेला भाग हाताला ओला लागतो.

कपडे वाळत नाहीत. म्हणजे खरंच वाळत नाहीत. आमच्याकडे चुलीच्या वर दोरी बांधलेली असते, शाळेचा युनिफॉर्म, टॉवेल, लहान पोराची दुपटी सगळं त्यावर, आणि मग सगळ्याला धुराचा वास. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी पुण्यात मला विचारायच्या की तू रोज होळीतून उठून येतेस का. गॅस असला तरी पावसाळ्यात चूल पेटलेलीच बरी, घर कोरडं राहतं, आणि त्यासाठी लागणारी लाकडं मे महिन्यातच फोडून पडवीत रचलेली असतात. तुम्ही जूनमध्ये जाऊन लाकडं मागाल तर लोक देतील, पण मनात हसतील. लॅपटॉप, चार्जर, चामड्याची पाकिटं, सगळ्याला बुरशी धरते, एअरटाइट डबे न्या.

लाईट. झाड तारेवर पडलं की गेली, आणि कुठल्या दरीत पडलंय ते शोधत वायरमन चालत जातो बिचारा, त्यामुळे दोन-तीन दिवसही लागतात. इन्व्हर्टर एका रात्रीपुरता. रेंज एकाच कंपनीची येते आणि लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. गावात कुठे रेंज येते ते कुठल्याही पोराला विचारा, एखाद्या देवळाची पायरी किंवा वळणावरचा दगड दाखवेल. तुमच्या कामाला तेवढं पुरतं का ते तुम्ही ठरवा.

पिण्याचं पाणी. समोर एवढं धरण दिसतंय म्हणून तुम्ही हा प्रश्नच विचारला नाहीत, सगळेच विसरतात. धरणातून आणून कुणी पीत नाही, पाणी विहिरीचं नाहीतर डोंगरातल्या झऱ्याचं पाइपने आणलेलं. पावसाळ्यात ते गढूळ येतं, उकळून गाळून प्या. मे महिन्यात तुम्ही जो भेगाळलेला गाळ बघितलात ना, त्या वेळेस आमच्या वाडीतल्या बायका ओढ्यात झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात. तासभर लागतो एका हंड्याला. समोर पाणी चकाकत असतं.

साप आहेत. फुरसं दगडाखाली, मण्यार रात्री घरात. खाली गादी टाकून झोपू नका, खाट घ्या आणि मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचा, मुलीसाठी तर नक्कीच. बूट झटकून घालायचे. चावलाच तर मांत्रिक-बिंत्रिक न करता थेट पौडचं ग्रामीण रुग्णालय, १०८ ला फोन, पण गाडी आत येईपर्यंत वेळ जातो म्हणून गावात कुणाची जीप आहे आणि त्याचा नंबर काय हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

एवढं सगळं असून मी दर वर्षी जाते. आई आहे तिथे, आणि भातलावणीला हात लागतात.

हडपसरचा_पाहुणा

थोडं कडू बोलतो. पुण्यातल्या लोकांनी आधी पानशेत, मग मुळशी, मग पवना, सगळीकडे टेंट आणि डीजे नेले. आता भाड्याने घरं पण घेणार म्हणजे गावातल्या पोराला लग्नानंतर वेगळं राहायला खोली मिळायची नाही. राहू द्या की त्यांना.

वारजेची_सून

दादा, मुद्दा बरोबर आहे पण गाव वेगळं आहे. पवनेच्या काठी घरं कमी पडत असतील, आमच्याकडे घरं आहेत माणसं नाहीत. पावसाळ्यात बंद घर म्हणजे वाळवी, आणि तीन वर्षं चूल पेटली नाही तर घर बसतं. कुणी राहिलं तर मालकाला बरंच आहे. डीजे मात्र नको.

निवृत्त_गुरुजी

वरच्या ताईंनी पुष्कळसं लिहिलं आहे. मी त्या भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं काढली, आता धायरीला असतो. दोन गोष्टी सांगतो, एक तुमच्या मुलीची आणि एक धरणाची.

मुलगी साडेतीनची आहे म्हणता, तर गावात अंगणवाडी असेलच. तीन ते सहा वर्षांची पोरं तिथे बसतात, गाणी म्हणतात, गरम खिचडी-उसळ खातात. सेविकेला भेटा, चार महिन्यांसाठी मुलीला बसू द्याल का विचारा, बहुतेक आनंदाने हो म्हणेल, कारण अशा गावांत पटावर पाच-सहा पोरं असतात आणि एक वाढलं तरी तिला बरं वाटतं. तुमचं सकाळचं कामही होईल. शाळेचं म्हणाल तर पहिली ते चौथी एका खोलीत बसायची माझ्याकडे, दुसऱ्या खोलीत पाणी गळायचं म्हणून. लावणीच्या दिवसांत हजेरी निम्मी. मोठी पोरं शेतात तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जुड्या पोचवायची आणि लहान पोरं त्यांच्याहून लहानांना सांभाळायची. मी सुरुवातीला पालकांवर रागवायचो, नंतर सोडून दिलं आणि लावणी संपल्यावर शनिवारी जादा तास घ्यायला लागलो.

आता धरण. तुम्ही पडवीतून जे बघणार आहात ते काय आहे ते माहीत असलेलं बरं, कारण गावातले म्हातारे कधी ना कधी विषय काढतीलच. हे धरण शेतीसाठी बांधलेलं नाही, पिण्यासाठीही नाही. टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज देण्यासाठी बांधलं. त्याच्या आधी त्यांनी खोपोली आणि भिवपुरी इथे वीजघरं केली होती, तिसरं हे. मुळा नदी पूर्वेला पुण्याकडे वाहणारी, तिचं पाणी अडवून उलट पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटातून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडलं, १९२७ पासून तिथे वीज होते. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत जातं. कोलाडला तुमची मंडळी राफ्टिंग करतात ते याच पाण्यावर. पुण्याच्या वाट्याला येतो तो फक्त पावसाळ्यात धरण भरल्यावरचा विसर्ग, मग मुळाकाठच्या लोकांना सावधानतेचे मेसेज येतात.

त्यासाठी पन्नासेक गावं पाण्याखाली गेली. भाताची सगळ्यात चांगली खाचरं नदीकाठची असतात, तीच गेली. माणसं वर डोंगराच्या उतारावर सरकली आणि तिथे नाचणी-वरई करत राहिली. १६ एप्रिल १९२१, रामनवमी, त्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. बाया-माणसं धरणाच्या कामाच्या जागी जाऊन बसली. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती म्हणायला लागले ते या लढ्यापासून, शेवटी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. आणि यातली टोचणारी गोष्ट अशी की बऱ्याच जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या, कसणारी कुळं वेगळी. सावकारांनी भरपाई घेतली आणि कुळं उघडी पडली. लढा १९२४ च्या सुमारास संपला, धरण झालं.

मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुन्या घरांची जोती दिसतात काही ठिकाणी. माझ्या शाळेतल्या एका पोराने तिथून जात्याची तळी उचलून आणली होती. त्याच्या आजीने ती हातात घेऊन बघितली, उलटी केली, खुंट्याच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाली, आपलं नाही, आपल्याला दगड काळा होता. आणि पोराला परत ठेवून यायला लावलं. तिचा जन्म धरणानंतरचा, म्हणजे तिने ते जातं कधी बघितलेलंच नसणार. मी विचारलं नाही.

डोंगरभटक्या

गुरुजी कडक. इतक्या वेळा त्या रस्त्याने गेलो, हे सावकारांचं माहीत नव्हतं.

सातबारा_बघणारा

चार-पाच गुंठ्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो, माझं रोजचं काम आहे.

पहिलं, तुम्ही किंवा तुमची बायको शेतकरी आहात का? म्हणजे महाराष्ट्रात तुमच्या नावावर शेतजमिनीचा सातबारा आहे का. नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन विकत घेता येत नाही, कलेक्टरची परवानगी वगळता. "आमच्या नावाने घ्या मग बघू" असं कुणी म्हणालं तर हात जोडून निघून यायचं. दुसरं, असलात तरी चार गुंठे मिळणार नाहीत. ऑगस्ट २०२३ पासून पुणे जिल्ह्यात जिरायतीला किमान २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याखालच्या तुकड्याचं खरेदीखत सरळ होत नाही. जे "फार्महाऊस प्लॉट" म्हणून रस्त्याकडेला बोर्ड दिसतात त्यात बऱ्याचदा एका मोठ्या गटात दहा-पंधरा जणांची सामाईक नावं चढवतात, हद्द कुणाची कुठे ते कुणालाच माहीत नाही, पुढे वाटपाला कोर्ट.

तिसरं, धरणाच्या काठची जमीन. पाण्याला लागून जेवढी दिसते तेवढी सगळी गावकऱ्यांच्या मालकीची नसते, धरणासाठी संपादन झालेली हद्द पाण्याच्या बरीच वर असू शकते. मे महिन्यात पाणी आत गेल्यावर दाखवली जाणारी "लेक टच" जमीन ऑगस्टमध्ये बघायला जायचं, बहुतेक वेळा ती तळाशी असते. चौथं, सातबारावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलंय का, इतर हक्कात कुळाचं नाव आहे का, वनखात्याचा शेरा आहे का. पाचवं, पश्चिम घाट इको सेन्सिटिव्ह एरियाचा मसुदा, ३१ जुलै २०२४ ला पुन्हा निघाला, मुळशीतली बरीच गावं त्यात आहेत. शेती-घरं चालू राहतात पण मोठं बांधकाम, खाण वगैरेवर बंधनं, तर डोळे उघडे ठेवा.

भाड्याचं म्हणाल तर तोंडी नको. लिव्ह अँड लायसन्स करा, मालक मुंबईला आहेत तर त्यांची आणि चुलतभावाची घराच्या वाटणीवरून काही कुरबूर नाही ना हे हळूच काढून घ्या. गावातल्या जुन्या घराच्या घरपट्टीवर चार भावांची नावं असतात, एकाने भाड्याने दिलं आणि गणपतीला दुसरा कुटुंबासकट राहायला आला, असं झालेलं बघितलंय. गणपती तुमच्या चार महिन्यांत येतोच.

भोरचा_आंबा

मुळशी मुळशी काय करताय, आमच्या भाटघरला या. इंग्रजांच्या काळातलं धरण, १९२८ ला पूर्ण झालं, जलाशयाला नाव येसाजी कंकांचं. वेळवंड खोऱ्यात, भुतोंडे खोऱ्यात पाण्याच्या कडेकडेने वाड्या आहेत, डोक्यावर राजगड-तोरणा. त्याच खोऱ्यातलं कांबरेश्वराचं देऊळ वर्षातले बरेच महिने पाण्यात असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक गाळ काढून पूजा करतात. पाऊस तुमच्या ताम्हिणीपेक्षा बेताचा, आणि धरणाचं पाणी निदान खाली नीरेच्या कालव्यांना शेतीला तरी जातं.

वारजेची_सून

खाली बारामतीला जातं ना पण, तुमच्या वरच्या वाड्यांना कुठे मिळतं. तिथेही मे महिन्यात टँकरच येतो की.

भोरचा_आंबा

😄 ताईंनी बरोबर पकडलं. हो, येतो.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, बायकोला आख्खा धागा वाचून दाखवला. जमिनीचा विषय बंद, आमच्यात कुणाच्याच नावावर सातबारा नाही आणि त्या सामाईक नावांच्या भानगडीत पडायचं नाही. नेट आणि लाईटचं वाचून माझं काम तिथून चार महिने चालणार नाही हे उघड आहे. बायकोचं बरंचसं ऑफलाइन असतं, तिचं जमेल कदाचित. मग आता असं चाललंय की घर तेच घ्यायचं, पण सलग न राहता मी सोमवार ते गुरुवार पुण्यात आणि बायको-मुलगी दोघी तिथे, असं काहीतरी. पण मग त्या दोघीच एवढ्या पावसात, हे बरोबर वाटत नाही. वारजेच्या ताई, तुम्ही काय सांगाल? आणि एक राहिलं, दरडीचं. घराच्या मागे डोंगर आहे, ते सांगायचं राहिलं.

वारजेची_सून

दरडीचं आधी विचारायला हवं होतं. घराच्या मागचा उतार किती लांब आहे, त्यावर झाडी आहे की मशीनने सपाट करून खाचरं पाडलीत, नवीन रस्ता कापलाय का, पावसात तिथून पाणी कुठून वाहतं. माळीण आपल्याच जिल्ह्यातलं, आंबेगाव तालुका, डिंभे धरणाच्या पट्ट्यातलं, ३० जुलै २०१४ ला सकाळी गाव गेलं, दीडशेच्या वर माणसं. तेव्हापासून आमच्याकडे जोराचा पाऊस लागला की म्हातारी माणसंसुद्धा रात्री उठून मागच्या ओढ्याचा आवाज ऐकतात. ओढा एकदम गप्प झाला किंवा पाणी लाल चिखलाचं यायला लागलं तर घर सोडून देवळात किंवा शाळेत जायचं, सामान घ्यायला थांबायचं नाही. विहीर, भिंत, जमीन कुठे नवीन भेग दिसली तर सरपंच नाहीतर तलाठ्याला सांगायचं. तुमच्या घराचं मला फोटोवरून कळणार नाही, पण चुलतभावाला सरळ विचारा की २०२४ च्या त्या पावसात तुम्ही कुठे झोपला होतात. उत्तर देताना तो कुठे बघतो तेही बघा.

दोघीच राहण्याचं. गावाची भीती नाही, एकटी बाई आहे म्हणून उलट चार घरं लक्ष ठेवतात, कधी कधी नको इतकं. पण जुलै नको. जुलैत सगळं गाव खाचरात असतं, पहाटे तरवा काढायचा, मग चिखलणी, मग लावणी, अंधार पडेपर्यंत. इरल्याच्या ऐवजी आता प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर घेतात एवढाच फरक. संध्याकाळी घरी आल्यावर पायाची बोटं पांढरी पडलेली, चिखल्या झालेल्या, त्यांना तुमच्याशी बोलायला त्राण नसतो. तुमच्या मिसेस घरात बसून पाऊस बघतील आणि चौथ्या दिवशी रडायला येईल, खरं सांगते. माझी वहिनी नाशिककडची, पहिल्या पावसाळ्यात तिला तसंच झालं होतं.

मला विचाराल तर लावणी आटपली की या. साधारण नारळीपौर्णिमा-गोपाळकाल्याच्या आसपास पाऊस उघडीप द्यायला लागतो, अधूनमधून ऊन पडतं, धरण तुडुंब असतं, लोकांना वेळ असतो. कुर्डू, भारंगी, टाकळा या रानभाज्या तोपर्यंत निबर होतात पण काहीतरी मिळतंच, खेकडे तर असतातच. गौरी-गणपतीला मुंबईची सगळी मंडळी येतात, बंद घरं उघडतात, रात्री भजन आणि जाखडी नाच. तेव्हा तुमचं मालकांचं घर मोकळं असेल का ते सातबारावाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आधीच ठरवून घ्या. गणपतीनंतर ऑक्टोबरअखेर भात कापणीपर्यंत राहा. अंगणवाडीही तेव्हा नियमित चालते.

निवृत्त_गुरुजी

ताईंशी सहमत. आणि येताना गावाला काहीतरी न्यायचं मनात असेल तर खाऊ आणि वह्या नका नेऊ, ते प्रत्येक ग्रुप आणतो, शाळेच्या कपाटात ढीग आहे. मुलांना इंग्रजी वाचायला घेऊन बसा संध्याकाळी तासभर. चौथीनंतर पौडला नाहीतर वसतिगृहात जावं लागतं, तिथे इंग्रजीत मागे पडतात.

कर्वेनगरकर

हे बायकोला लगेच पटलं, शिकवायचं. मग ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते दिवाळीच्या आधी असं धरतो, मालकांना आजच फोन करतो गणपतीचं विचारायला. ताई, भात कापणीपर्यंत राहिलो तर तुमच्याकडचा आंबेमोहोर विकत मिळेल का? दुकानात आंबेमोहोर म्हणून जे देतात त्याला वास म्हणून नसतो.

वारजेची_सून

मिळेल, पण थोडाच. उंच वाढतो, पावसात लोळतो, उतारा कमी, म्हणून बहुतेकांनी इंद्रायणी धरलाय आणि आंबेमोहोर घरापुरता एका खाचरात करतात. पाहुण्याला नाही म्हणणार नाहीत, तरी आधी सांगून ठेवा म्हणजे बाजूला काढतील. आणि नवा तांदूळ लगेच शिजवू नका, गिचका होतो, दोन-तीन महिने तसाच राहू द्या. मालकांचा फोन झाला की गावाचं नाव मला मेसेज करा, आईला विचारून त्या घराच्या मागच्या ओढ्याचं सांगते.